जिन्यावरून चढलेलं इंजिन

झरी जामणी. दुपारचे तीन. फरदडीचा कापूस काढून झाला की गावाला जी सुस्ती येते, ती आज रस्त्यावर पसरली आहे. मुकुटबनकडे जाणारा सिमेंटचा ट्रक धूळ उडवत गेला, आणि पुन्हा शांत.

तू वेल्डिंगच्या दुकानात उकिडवा बसला आहेस. समोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची मोडलेली कडी पडली आहे, ती गिऱ्हाइकाची. मागे भिंतीला टेकवून पोत्यानं झाकलेली पाच फुटांची एक वस्तू आहे, ती तुझी. कूलरच्या उरलेल्या पत्र्यातून, रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून तू ती घडवली आहेस. आत बारीक अँगलचा कणा, त्याला आडव्या फासळ्या, वरून रिव्हेटनं बसवलेला पत्रा. पुढून गोल, मागे निमुळता.

उस्तादांनी परवा पोतं उचलून पाहिलं होतं.

"काय करून राह्यला बे हे?"

"उस्ताद, इमानाचा पंख आहे."

ते हसले नाहीत. हसतील असं तुला वाटलं होतं. त्यांनी पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकाला धरून थोडा उचलला आणि विचारलं, "वजन किती भरते?"

तुला सांगता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न खड्यासारखा टोचतो आहे.

आता कडीवर रॉड टेकव. काळी काच डोळ्यांसमोर धर. हिरवट ठिणगीपलीकडे सगळा अंधार झाला, की मी तुला इथून नेतो. रॉड जळून संपला की काच बाजूला करायची. पण दुकान तिथं नसेल.

*

थंडी आहे. अशी थंडी झरीत पडत नाही. १९०१ सालचा हिवाळा तोंडावर आलाय आणि तू अमेरिकेतल्या डेटन नावाच्या गावात, एका सायकलच्या दुकानात उभा आहेस. परकं वाटत नाही ना? वंगणाचा वास तोच. छताखालून फिरणारा शाफ्ट, त्यावरून उतरलेले पट्टे, कोपऱ्यात लेथ. कडक कॉलर आणि टाय लावलेले दोन भाऊ एका लाकडी खोक्यावर वाकले आहेत. विल्बर आणि ऑर्विल राइट.

खोका सहा फूट लांब आहे, आतून सोळा इंच चौरस. एका तोंडाला पंखा, वरच्या बाजूला काच. त्या काचेतून आत पाहा. पत्रा कापायच्या कात्रीनं कापलेला, तळहातात मावेल एवढा एक पंख आत उभा आहे. आणि ज्यावर तो बसवलाय तो तराजू बघ. करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या आऱ्या! तुमच्या दुकानात भंगाराच्या डब्यात जे पडलेलं असतं, त्यातून त्यांनी वारा मोजायचा काटा केला आहे.

हलू नकोस. खोलीत कुणी जागा बदलली तरी वाऱ्याची वाट बदलते आणि आकडा चुकतो. मोजमाप चालू असेपर्यंत दोघं भाऊही ठरलेल्या जागी खिळून उभे राहतात.

हा खोका का बनवला, ते तुला ठाऊक हवं. याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी मोठं ग्लायडर समुद्रकाठी नेलं होतं. कागदावरच्या हिशेबानं जेवढी उचल मिळायला हवी होती, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळाला. हिशेब त्यांनी ऑटो लिलिएंथाल या जर्मन माणसाच्या कोष्टकावरून केला होता. लिलिएंथाल दोन हजारांच्या वर वेळा टेकडीवरून तरंगत उतरला होता, आणि १८९६ च्या ऑगस्टमध्ये तसाच उतरताना पडून गेला. अशा माणसाच्या आकड्यांवर शंका घ्यायची म्हणजे छातीच हवी. राइट बंधूंनी शंका घेतली, पण वाद घालत बसले नाहीत. खोका बनवला आणि एकामागून एक दोनशेच्या आसपास आकार त्यात धरून पाहिले. फुगीर, चपटे, लांबोडके, आखूड. शेवटी सापडलं असं, की मोठी गडबड त्या कोष्टकापेक्षा दुसरीकडेच होती. हवेच्या दाबाचा जो जुना गुणक शंभराहून जास्त वर्षं सगळे डोळे मिटून वापरत होते, तोच फार मोठा धरलेला होता.

लोकांना १७ डिसेंबर १९०३ आठवतो. पहिलं उड्डाण, बारा सेकंद, १२० फूट. झरीच्या थांब्यावर तीन एसट्या एकामागे एक लावल्या तर जेमतेम तेवढी लांबी. मला मात्र विमानाचा जन्म या खोक्यात झालेला दिसतो. पुढचं इंजिनसुद्धा त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकनं लेथ आणि ड्रिलवर सहा आठवड्यांत बनवलं. तुझ्याच बिरादरीतला माणूस. त्याचं नाव लक्षात ठेव.

विल्बरनं आकडा वाचला. ऑर्विलनं तो लिहिला. काच डोळ्यांसमोर धर.

*

वाटेत तुला मुंबईची चौपाटी पाहायची आहे, मला कळतं. १८९५ साल, शिवकर बापूजी तळपदे, आणि राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी उडालेलं मराठी विमान. ही गोष्ट तू शाळेत ऐकलीस, मीही ऐकली. पण तिथं उतरायला आपल्याला जमीन नाही. त्या यंत्राचं माप, वजन, इंजिनाची ताकद, उड्डाण पाहून त्याच वेळी कुणी लिहून ठेवलेला भरवशाचा मजकूर, यातलं काहीच हाती लागत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार त्या गोष्टीला देतात, तो विसाव्या शतकात सांगून लिहवून घेतलेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातल्या आकृत्या तपासल्या आणि त्यांतलं एकही यंत्र उडू शकणार नाही असा निर्वाळा दिला. तळपदे खरे होते, त्यांची ओढही खरी असेल. मला वाईट याचंच वाटतं, की त्या ओढीचं एकही माप आपल्यापाशी उरलं नाही.

आपण पुढे जाऊ. मुंबईतच.

*

कांदिवली. २००९ नंतरची वर्षं. काच बाजूला करतोस तर तू एका अरुंद जिन्यावर आहेस आणि तुझ्या दोन्ही हातांत इंजिनाचा एक कोपरा आहे. वजन १८० किलो. इमारत पाच मजली आणि लिफ्ट नाही.

"हं, उचला! सावकाश, भिंत सांभाळा!"

वळणावर खरी कसोटी. खालच्याच्या छातीवर सगळा भार येतो, वरच्याची बोटं कठड्यात चेपतात. एक पायरी, थांबायचं. दुसरी पायरी, थांबायचं. घामानं पकड निसटते. दारं उघडून घरातली माणसं बघत आहेत; एकोणीस माणसांचं एकत्र कुटुंब आहे हे. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो आहे आणि त्याच जिन्यानं विमानाचं इंजिन वर चाललं आहे. याच वाटेनं लेथ वर गेला, कॉम्प्रेसर गेला, वेल्डिंगचं मशीन गेलं.

गच्चीवर पोहोचलास की आधी बूड टेक, श्वास घे. मग बघ. साधारण १,२०० चौरस फूट जागा. पावसाळ्यात ताडपत्री टाकायची, उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याला हात लागू नये म्हणून जपायचं. या जागेत सहा आसनांचं विमान उभं राहतं आहे. गच्ची त्याला पुरत नाही. शेपटी कठड्याबाहेर डोकावते.

हे करणारे कॅप्टन अमोल यादव. नोकरीनं वैमानिक. कामाच्या दिवशी कंपनीचं विमान उडवायचं, सुट्टीला गच्चीवर यायचं. सोबत गॅरेज चालवणारा एक मित्र. अमेरिकेत उड्डाणाचं शिक्षण घेताना, विमान आपणही बनवू शकतो हे त्यांच्या मनानं घेतलं. हा पहिला प्रयत्न नव्हे. १९९८ पासूनचे दोन प्रयत्न मागे पडले आहेत. हे तिसरं.

चल, कामाला लाग. पत्र्याला भोक पाड. आता भोकाच्या कडेला बोट लावून बघ, बारीक कूस लागते ना? ती काढ. ट्रॉलीला ती चालते, इथं चालत नाही. त्या कुसेपासूनच पत्र्याला चीर जाते. आज नाही, शंभर तासांनी, हवेत. मग दोन्ही पत्रे तात्पुरत्या पिनांनी धर. आतल्या बाजूनं लोखंडी ठोकळा दाबून ठेव, बाहेरून हातोडी बसू दे. रिव्हेटचं डोकं किती पसरलं ते माप. कमी पसरलं तर ढिलं, जास्त पसरलं तर पत्रा सोलतो. दोन्हीत ते उडवून पुन्हा ठोकायचं. असे हजारो.

इथं वेळ काढ. संध्याकाळ होऊ दे. वारा येईल, खालच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजतील. या गच्चीला धावपट्टी नाही आणि इथून काही उडणार नाही, हे ठोकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी रिव्हेट मापूनच बसतं. मला ही गच्ची डेटनच्या खोलीइतकीच मोठी वाटते, ती याच कारणानं. वर्षानुवर्षं, बघायला कुणी येत नसताना, बरोबर काम करत राहायचं आणि घरच्यांनी पैशाला मागेपुढे पाहायचं नाही, हे ज्या घरात घडलं त्या घरातल्या बायकामाणसांना माझा नमस्कार आहे.

फेब्रुवारी २०१६. गल्लीत क्रेन आली आहे. ज्या जिन्यानं तुकडे वर गेले त्या जिन्यानं विमान खाली येऊ शकत नाही. ते पुन्हा सुटं केलं जातं. धड दोरांवर लटकतं, खिडक्यांसमोरून खाली उतरतं, आणि शेजारच्या इमारतींतली माणसं मोबाइल वर धरून उभी आहेत. तिथून ते वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' प्रदर्शनाला जातं. कांदिवलीच्या गच्चीतलं गुपित सगळ्या देशाला कळतं.

पण कळणं वेगळं आणि उडणं वेगळं. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळते, व्हीटी-एनएमडी हे नाव लागतं. उडवून पाहायचा परवाना यायला २०१९ उजाडतं. ही वर्षं मी तुला भरभर दाखवतो, कारण फायलींच्या कपाटांत पाहण्यासारखं काही नसतं. एवढं मात्र सांगतो. ब्रिटनमध्ये घरी विमान बनवणाऱ्याकडे हौशी विमानकारांच्या संघटनेचा निरीक्षक टप्प्याटप्प्यानं येतो. पंख बंद करायच्या आधी आतले जोड बघतो, सही करतो, मग पुढचं काम. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम स्वतःच्या हातचं असलं की ते हौशी विमान म्हणून तपासलं जातं, आणि पहिले काही तास ठरवून दिलेल्या भागातच, प्रवासी न घेता उडवावं लागतं. तिथलं सरकारही घाबरतंच. पण ते माणूस पाठवतं. आपल्याकडे गच्चीवर राबणाऱ्याला दहा वर्षांत सगळ्यात जास्त गरज कशाची असते, तर जिना चढून येऊन, चष्मा लावून, "हा जोड पुन्हा कर" म्हणणाऱ्या जाणत्या माणसाची.

*

धुळे. ऑगस्ट २०२०. आभाळ भरलेलं, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना गवत गुडघ्याएवढं.

उडण्याआधी तुला एक गोष्ट शिकवायची आहे, ती उस्तादांच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. नवं विमान उडायच्या आधी तोललं जातं. तिन्ही चाकांखाली तीन काटे. प्रत्येक काट्याचा आकडा घ्यायचा, त्याला त्या चाकाच्या अंतरानं गुणायचं, बेरीज करायची, एकूण वजनानं भागायचं. भार नेमका कुठं एकवटतो ती जागा मिळते. तू बैलगाडी भरली आहेस. माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला जोताचा फास बसतो. विमानही असंच उलार होतं. शेपटी जड झाली की नाक वर जात राहतं, वेग मरतो, आणि पंखाला हवा धरत नाही. गाडीवाला उतरून चार पोती पुढे सरकवतो. वैमानिकाला उतरता येत नाही. म्हणून "वजन किती भरते?" हा प्रश्न उस्तादांनी सहज विचारला असेल, पण विमानाच्या धंद्यातला पहिला प्रश्न तोच आहे.

तोलल्यानंतरही कुणी एकदम उडत नाही. चाकांना अडण्या लावून इंजिन चालवायचं, तापमान बघायचं, बंद करायचं, पाने घेऊन प्रत्येक बोल्ट पुन्हा बघायचा. मग धावपट्टीवर हळू धावायचं. मग थोडं जोरात. ब्रेक, वळण, शेपटीचा प्रतिसाद. प्रत्येक वेळी परत यायचं.

आता गवताच्या कडेला उभा राहा. इंजिनाचा आवाज छातीत शिरतो. कांदिवलीच्या जिन्यावर तुझ्या बोटांना ओढणारा जडपणा समोर धावतो आहे. नाक उचललं. चाकांखाली फट दिसली, आणि ती फट रुंदावत गेली.

बोलू नकोस. नुसतं बघ.

*

पुढचं दार मला उघडावंसं वाटत नाही. पण ते आपल्याच जिल्ह्यात आहे.

१० ऑगस्ट २०२१ ची रात्र. धुळ्यानंतर सुमारे एक वर्ष. महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. आपण जिल्ह्याच्या या टोकाला, ते त्या टोकाला. शटरखालून उजेडाची पट्टी रस्त्यावर पडली आहे. आत चोवीस वर्षांचा एक पोरगा आहे. शाळा आठवीपर्यंत, हात वेल्डिंगचा. कपाटं करायचा, कूलर करायचा. बघून-बघून शिकला आणि दोन वर्षं खपून त्यानं एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं. पंधरा ऑगस्टला सगळ्या गावासमोर ते दाखवायचं ठरवलं होतं. आज चाचणी आहे.

मी तुला शटरच्या आत नेत नाही. इथंच, रस्त्यावर उभा राहा. आवाज ऐक. आधी इंजिन घरघरतं, मग वरचा पंखा हवा कापायला लागतो. मग एक वेगळा आवाज. शेपटीचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, आणि ते पातं त्याच्या डोक्याला लागलं. तो वाचला नाही.

तुझे हात थरथरताहेत. माझेही. थोडा वेळ आपण काही बोलायला नको.

लोक दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी म्हणाले. कुणी म्हणालं, गावठी शास्त्रज्ञ गेला. कुणी म्हणालं, नसता उद्योग केला. मला दोन्ही बोलणी सारखीच लागतात, कारण दोन्हींत त्याच्या कामाकडे कुणी बघत नाही. आपण बघू. त्याच्या यंत्राची मापं माझ्यापाशी नाहीत, म्हणून एक कुठलंही पातं घेऊ. लांबी अडीच मीटर, वजन सहा किलो, मिनिटाला पाचशे फेऱ्या. गुणाकार करून बघ. ते पातं मुळाला जी ओढ देतं ती दोन टनांवर भरते. म्हणजे मुळातल्या त्या बोल्टाला वीस क्विंटल कापूस टांगल्यासारखं, आणि तेही स्थिर टांगलेला नाही, फेरीगणिक हिसके देणारा. तुझा वेल्ड ट्रॉलीचा भार वर्षानुवर्षं झेलतो. हिसक्यांचं तसं नसतं. हिसका वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पाडतो आणि मग रोज थोडी-थोडी वाढवतो. ती चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हात कितीही तयार असला तरी त्याला ती कळत नाही.

हेलिकॉप्टर तर विमानापेक्षाही कठीण. तिथं पंखच फिरतो, आणि तो तुझ्या डोक्यावर फिरतो.

त्याच्यापाशी हिंमत होती, हात होता, चिकाटी होती. कांदिवलीच्या गच्चीवर जे होतं त्यातलं बरंच फुलसावंगीच्या दुकानात होतं. पण उड्डाणाचं शिक्षण नव्हतं, आणि ते त्याला द्यायला आठवीनंतर कुठलंही दार उघडं नव्हतं. पहिल्या चाचणीत यंत्राला जमिनीशी साखळदंडानं जखडायचं असतं, भोवती वाळूच्या पोत्यांची भिंत करायची असते, आणि बसायच्या जागेवर कुणी बसायचंच नसतं. पन्नास फूट वायर आणि टोकाला इंजिन बंद करायचं एक बटण. हे तुझ्या दुकानात आज संध्याकाळपर्यंत होण्यासारखं आहे. या जिल्ह्यातल्या एखाद्या आयटीआयनं, इंजिनिअरिंग कॉलेजनं एका रविवारी ही विद्या पोरांना दाखवायची ठरवली तर किती खर्च येईल? मी हा प्रश्न मनात फार वेळा विचारला आहे.

चल. इथून परत जाऊ.

*

रॉड संपला. काच बाजूला कर. ट्रॉलीची कडी लाल आहे, हळूहळू काळी पडते आहे. उन्हं कलली आहेत. उस्ताद दारात बसून चहा पिताहेत.

तू उठतोस. पोतं बाजूला करतोस, पंख खांद्यावर घेतोस आणि रस्ता ओलांडून कापसाच्या काट्यावर नेऊन ठेवतोस. काटेवाला विचारतो, "हे का विकाले आणलं काय?" लाल आकडे थरथरून स्थिर होतात. अकरा किलो चारशे ग्रॅम. तू ते तळहातावर पेनानं लिहितोस.

परत येऊन एका पाइपावर पंख आडवा टेकवतोस, पुढेमागे सरकवतोस. एका जागी तो दोन्हीकडे न झुकता थांबतो. तिथं खडूनं रेघ.

"अकरा चारशे," तू उस्तादांना सांगतोस.

ते कप खाली ठेवतात. "बरं. अन् धरते किती?"

तू त्यांच्याकडे बघतोस. ते बाहेरच्या वाळूच्या ढिगाकडे बोट दाखवतात. सिमेंटच्या रिकाम्या थैल्या आहेत, दहा-दहा किलो भरायच्या. पंखाचं एक टोक भिंतीतल्या चॅनेलला जखडायचं, पोट वर करून उलटा धरायचा, कारण हवा त्याला खालून ढकलणार आहे, आणि वाळू वरून दाबणार. मग एकेक थैली ठेवत जायचं. नवे पंख असेही तपासले जातात, वाळूनं. उस्तादांना हे कुणी सांगितलं, मला माहीत नाही. ट्रॉलीचे पाटे त्यांनी आयुष्यभर असेच तपासले असतील.

पहिली थैली. टोक बोटभर खाली येतं. दुसरी, तिसरी. चौथीला पत्र्यावर सुरकुती उमटते, तू श्वास रोखतोस. पाचवी. सहावी. उस्ताद तुला दंडाला धरून दोन पावलं मागे ओढतात आणि सातवी थैली स्वतः, लांब दांड्यानं सरकवतात.

टक्.

एक रिव्हेट उडून शटरवर आदळतं.

"लिही," उस्ताद म्हणतात. "सातवी. कोणत्या फासळीचं होतं थे पाय, अन् लिही."